इंजिनीअरिंगमध्ये पीएचडी, आता कंपनी की कॉलेज? निर्णयाकडे जाण्याची एक रीत

पीएचडीचं चौथं वर्ष लागलं की मेसमध्ये, लॅबमध्ये आणि गावाकडच्या लग्नकार्यात एकच प्रश्न सुरू होतो: "मग आता प्राध्यापक होणार की कंपनीत जाणार?" विचारणाऱ्याला दोनच दारं दिसत असतात. अडचण अशी की वर्षानुवर्षं तोच प्रश्न ऐकून संशोधक विद्यार्थ्यालाही दोनच दारं दिसायला लागतात.

पवईच्या आयआयटीतला असिस्टंट प्रोफेसर आणि तालुक्याच्या ठिकाणच्या विनाअनुदानित कॉलेजातला असिस्टंट प्रोफेसर यांच्या पदाचं नाव एकच आहे. पण दोघांचा सोमवार ते शनिवार शेजारी शेजारी मांडून पाहिला तर सारखं म्हणावं असं फारसं काही सापडणार नाही. उद्योगातही तेच. पुण्यात एखाद्या कंपनीच्या संशोधन केंद्रात नव्या मिश्रधातूवर काम करणारी डॉक्टर आणि त्याच शहरात अमेरिकेतल्या टीमसाठी सिम्युलेशन चालवणारी डॉक्टर, दोघींच्या कार्डावर 'आर अँड डी'च छापलेलं असतं. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: क्षेत्र निवडू नका, पद निवडा. दोन जगांची तुलना करत बसलात तर वर्ष जाईल. दोन नेमक्या नोकऱ्यांची तुलना एका संध्याकाळीही होते.

हा लेख मुख्यतः भारतात मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेटलर्जी अशा शाखांत पीएचडी करणाऱ्यांसाठी आहे. कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचा बाजार वेगळ्या चालीने चालतो. त्यांनी यातला पैशांचा भाग हातचा राखून वाचावा.

आधी कॅलेंडर, मग निर्णय

सिनॉप्सिस (प्रबंधाचा सारांश) सादर करण्याच्या साधारण दीड वर्ष आधी हा विचार सुरू व्हायला हवा. कारण दोन्हीकडची घड्याळं वेगळ्या गतीने चालतात आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

आयआयटी-एनआयटीमध्ये अर्ज केल्यावर विभागाची छाननी, मग सेमिनार, मग निवड समिती आणि शेवटी नियामक मंडळाची मंजुरी असा प्रवास असतो. याला सहा महिने लागले तर लवकर झालं म्हणायचं, वर्षही जातं. कंपनीत हीच गोष्ट दोन-तीन महिन्यांत उरकते. त्यामुळे दोन्हीकडे एकाच दिवशी अर्ज केलेत तर कंपनीचं ऑफर लेटर आधी येणार, 'पंधरा दिवसांत कळवा' म्हणून सांगणार, आणि आयआयटीच्या पोर्टलवर तुमचा अर्ज अजून 'अंडर प्रोसेस'च दिसणार. मग माणूस घाबरून हातातलं घेतो आणि नंतर आयुष्यभर सांगतो की मी विचारपूर्वक उद्योग निवडला. हे टाळायचं असेल तर शैक्षणिक अर्ज आधी जाऊ द्या, कंपन्यांचे चार-सहा महिन्यांनी.

प्रबंध जमा झाला की संपलं, असंही नसतं. परीक्षकांकडे तो जातो, अहवाल यायला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो, त्यानंतर व्हायवा (तोंडी परीक्षा), मग प्रोव्हिजनल सर्टिफिकेट. अनेक जाहिरातींत 'प्रबंध सादर केलेले उमेदवारही अर्ज करू शकतात' असं असतं, पण रुजू होताना किंवा वेतनश्रेणी ठरताना पदवी मिळाल्याची तारीखच मोजली जाते.

या तारखेचं महत्त्व आयआयटीत सगळ्यात जास्त. तिथे असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ साठी पीएचडीनंतरचा ३ वर्षांचा अध्यापन, संशोधन किंवा उद्योगातला अनुभव लागतो. तो नसेल तर ग्रेड २, आणि तेही कंत्राटी. पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन पदाची) परंपरा मुख्यतः यातूनच टिकली आहे. आणि 'उद्योगातला' हा शब्द त्या अटीत आहे, हे अर्धे विद्यार्थी वाचतच नाहीत.

वयाच्या मर्यादाही आत्ताच वहीत उतरवून ठेवा. सीएसआयआरच्या (केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या) प्रयोगशाळांत सायंटिस्ट पदासाठी सर्वसाधारण मर्यादा ३२ वर्षं आहे, राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिपसाठी ३५ (आरक्षित प्रवर्ग आणि महिलांना नियमाप्रमाणे सवलत). बी.ई.नंतर तीन-चार वर्षं नोकरी, मग एम.टेक., मग पीएचडी असा प्रवास असेल तर पहिलं दार तुम्ही पोचण्याआधीच बंद झालेलं असू शकतं.

'प्राध्यापकी' म्हणजे नेमकी कोणती?

इथे थोडं थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच बाजूला आहेत.

आयआयटी, एनआयटी, आयआयएस्सी ही एक दुनिया. इथे तुमच्याकडून संशोधनाचा गट उभा करण्याची अपेक्षा असते: पीएचडीचे विद्यार्थी, बाहेरून आणलेला निधी, शोधनिबंध. शिकवणं साधारण एका सत्रात एखादा विषय आणि लॅब एवढं. पण 'शिकवणं कमी' याचा अर्थ 'काम कमी' असा नाही. पहिली दोन वर्षं उपकरणांच्या खरेदीच्या निविदा, जागेसाठी विनवण्या आणि निधीचे प्रस्ताव यात जातात. नव्याने रुजू झालेल्यांसाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची अर्ली करिअर योजना आहे. शिवाय संस्था स्वतःचा सुरुवातीचा निधी देते, आणि त्याची रक्कम संस्थेगणिक बदलते. प्रवासासाठी, पुस्तकांसाठी आणि व्यावसायिक संस्थांच्या सदस्यत्वासाठी आयआयटीत तीन वर्षांना ३ लाखांचा वेगळा भत्ता मिळतो. महाराष्ट्रात मुंबईची आयआयटी आणि नागपूरची व्हीएनआयटी, शेजारी गोव्यात एक आयआयटी आणि एक एनआयटी. एवढ्यावरच डोळा ठेवलात तर मात्र फार वाट पाहाल. जम्मू, पाटणा, सिलचर, तिरुपती इथेही अर्ज करायची तयारी हवी, आणि ती घरच्यांशी आधी बोलून हवी.

दुसरी दुनिया राज्याची आणि जुन्या नामवंत संस्थांची: माटुंग्याची आयसीटी आणि व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी (२०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ), लोणेरेचं बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, आणि शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं. शासकीय महाविद्यालयांची पदं एमपीएससीमार्फत भरली जातात. जाहिरात कधी येईल हे भल्याभल्यांना सांगता येत नाही. आली तरी न्यायालयीन वाद, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची यादी), मुलाखतींचं वेळापत्रक यात वर्षं जाऊ शकतात. यासाठी अर्ज जरूर करावा, पण त्याच्या भरवशावर दुसरं काही थांबवू नये.

तिसरी दुनिया विनाअनुदानित खासगी कॉलेजांची. महाराष्ट्रात संख्येने सगळ्यात मोठी हीच, आणि इथे काय विचारायचं ते नीट माहीत हवं. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमानुसार सातव्या वेतन आयोगात असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. कागदावर. प्रत्यक्षात 'कन्सॉलिडेटेड' म्हणून एक ठोक रक्कम सांगतात, आणि ती वेळेवर मिळते का हा वेगळाच प्रश्न. मुलाखतीच्या खोलीत हे विचारता येत नाही, म्हणून कँटीनमध्ये विचारा: मागच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला? नेमणूक विद्यापीठाच्या निवड समितीमार्फत होऊन तुम्हाला विद्यापीठाची मान्यता मिळणार आहे का, हे तर विचारलंच पाहिजे. आमच्याकडे बोलीभाषेत 'अप्रूव्हल' म्हणतात ते हेच. ते नसेल तर पाच वर्षं शिकवूनही पुढच्या अर्जात तो अनुभव धरताना अडचण येते. तासिका तत्त्वावर बोलावत असतील तर ते काही महिन्यांसाठी, प्रबंधाचे अहवाल येईपर्यंत, ठीक. त्याला करिअरची सुरुवात समजू नये. आणि मूळ प्रमाणपत्रं जमा करून घेणारी संस्था असेल तर दारातूनच परत फिरा.

या कॉलेजांत आठवड्याला नियमाने १६ तास शिकवायचं असतं. त्यावर प्रॅक्टिकल, पेपर तपासणी, नॅक आणि एनबीए या मूल्यांकन संस्थांच्या फायली, उन्हाळ्यात ॲडमिशनसाठी गावोगाव फिरणं. संशोधन होत नाही असं नाही. पण ते रात्री आणि स्वतःच्या हौसेवर होतं. ज्यांना वर्गात उभं राहण्याचा खरोखर आनंद आहे, ज्यांच्या जिल्ह्यात चांगलं कॉलेज आहे आणि घर तिथेच आहे, त्यांच्यासाठी ही वाट कमी प्रतीची आहे असं मी म्हणणार नाही. ग्रामीण भागातून आलेल्या मुलांना पहिल्यांदा नीट स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कळतं ते अशाच कुणा शिक्षकामुळे. फक्त तिथे जाताना 'दोन वर्षं इथे काढू, मग आयआयटीत जाऊ' असा हिशेब मनात ठेवू नका. सोळा तासांच्या भाराखाली शोधनिबंधांची यादी वाढत नाही आणि दोन वर्षांची सहा कधी होतात ते कळत नाही.

चौथी, अलीकडची दुनिया खासगी विद्यापीठांची. पगार बरा, इमारती चकाचक, आणि दर वर्षी स्कोपस या सूचीत येणारे अमुक इतके निबंध, अमुक इतकी पेटंट्स असं लक्ष्य. निबंधामागे रोख बक्षीस देणाऱ्या ठिकाणांबद्दल मला संशय आहे. तिथला शोधनिबंध बहुधा मोजण्यासाठी लिहिला जातो. पण काही ठिकाणी खरंच चांगले गट उभे राहत आहेत. ओळखायचं कसं? त्या विभागातल्या गेल्या तीन वर्षांत आलेल्या तरुण प्राध्यापकांचे निबंध उघडा आणि ते कोणत्या नियतकालिकांत आहेत, सहलेखक कोण आहेत ते पाहा. वेबसाइटवरच्या फोटोंपेक्षा त्यातून जास्त कळेल.

आणि प्रयोगशाळा. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), पाषाणला डीआरडीओच्या एचईएमआरएल आणि एआरडीई, दिघीला आर अँड डीई, शिवाय सी-डॅक, मुंबईत बीएआरसी. कॉलेज की कंपनी या वादात ही तिसरी बाजू विसरलीच जाते. सीएसआयआरचा सायंटिस्ट वेतनश्रेणीच्या लेव्हल ११ ला, म्हणजे ६७,७०० मूळ वेतनावर सुरू होतो. वर्ग नाही, पेपर तपासणी नाही, पण विषय बऱ्याच अंशी संस्थेच्या कामाप्रमाणे ठरतात. संरक्षण प्रयोगशाळांत प्रकाशनावर मर्यादा येतात, हे जाण्याआधी पचवायला हवं.

कंपनीत नेमकं काय?

पुण्याच्या आसपासच पाहिलं तरी चित्र बहुरंगी आहे. टीसीएसचं टीआरडीडीसी हे १९८१ पासूनचं संशोधन केंद्र. टाटा मोटर्सचं इंजिनीअरिंग रिसर्च सेंटर, कमिन्स, जॉन डीअर, ईटन यांची तंत्रकेंद्रं, थरमॅक्स, प्राजची पिरंगुटजवळची प्रयोगशाळा, भारत फोर्ज, आणि स्वतः कंपनी नसूनही उद्योगाच्याच अंगाने चालणारी वाहन-संशोधन संस्था एआरएआय. बंगळुरूला जायची तयारी असेल तर जीईचं वेल्च सेंटर, शेल आणि इतर कितीतरी.

इथे एकच प्रश्न कामाचा: प्रश्न कोण ठरवतं? ज्या केंद्रात 'या पंपाची कार्यक्षमता का घसरते' हा प्रश्नच तुमच्या टेबलावर येतो आणि उपाय तुम्ही सुचवून चाचणीपर्यंत नेता, तिथे पीएचडीचा उपयोग आहे. जिथे परदेशातल्या टीमने प्रश्न सोडवण्याची पद्धतसुद्धा ठरवून पाठवलेली असते आणि तुम्ही मेश बनवून, रन करून, स्लाइड पाठवता, तिथे दोन वर्षांत एम.टेक. झालेल्या सहकाऱ्यात आणि तुमच्यात फरक उरत नाही. पगार दोन्हीकडे सारखाच असू शकतो. मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' म्हणतील तेव्हा विचारा की गेल्या वर्षी या टीमने स्वतः घेतलेला एखादा तांत्रिक निर्णय सांगा. उत्तर द्यायला ते जितका वेळ घेतील त्यावरून अंदाज येतो.

दुसरी गोष्ट टेक्निकल लॅडरची. काही कंपन्यांत माणसं न सांभाळताही प्रिन्सिपल इंजिनीअर, चीफ इंजिनीअर, फेलो असं वर जाता येतं. काही ठिकाणी अशी शिडी फक्त एचआरच्या पुस्तकात असते आणि सहाव्या वर्षी तुमच्या हातात वीस जणांची टीम आणि एक्सेलचं बजेट येतं. त्या केंद्रात अशा वरच्या तांत्रिक पदावर आज कोण आहे, नाव विचारा. नावच नसेल तर शिडी नाही.

स्टार्टअप, डेटा सायन्स, फायनान्स या वाटाही आहेत. तिथे तुमचा प्रबंध कोणी वाचत नाही, तुमची विचार करण्याची शिस्त विकत घेतात. ज्यांना विषयापेक्षा प्रश्न सोडवण्याची गंमत जास्त आहे त्यांनी बिनधास्त जावं. प्रबंधाच्या विषयाशी आयुष्यभर एकनिष्ठ राहण्याची शपथ कोणी घेतलेली नसते.

स्वतःची परीक्षा

'मला शिकवायला आवडतं' हे वाक्य पीएचडीच्या विद्यार्थ्यांकडून फार ऐकू येतं. खोदून विचारलं तर टीए (अध्यापन सहायक) म्हणून घेतलेले ट्युटोरिअल एवढाच त्यामागचा अनुभव असतो. ट्युटोरिअल घेणं आणि साठ जणांच्या वर्गाला, ज्यातले पंधरा मागे मोबाइलवर आहेत, अख्खं सत्र थर्मोडायनॅमिक्स शिकवणं यात फरक आहे. शेवटच्या वर्षाआधी जवळच्या कॉलेजात एखादा विषय पूर्ण शिकवून पाहा. प्रश्नपत्रिका काढा, पेपरही तपासा. तपासतानाही उत्साह टिकला तर वाक्य खरं.

तसंच उद्योगाचं. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप गाईडला मागून घ्या, किंवा विभागात चालू असलेल्या उद्योग-प्रायोजित प्रकल्पाच्या बैठकांना बसा. तिथे दिसेल की ९० टक्के बरोबर उत्तर शुक्रवारपर्यंत हवं असतं, ९९ टक्के बरोबर उत्तर सहा महिन्यांनी नको असतं. काहींना यात मोकळं वाटतं, काहींचा जीव गुदमरतो. आपण कोणत्या गटात आहोत हे खोलीत बसून कळत नाही.

आणखी एक साधी कसोटी. गेल्या चार वर्षांतले असे दिवस आठवा जेव्हा जेवणाची वेळ कळली नाही. त्या दिवशी तुम्ही काय करत होता? प्रयोगाची रिग जोडत होता, कोड लिहीत होता, ज्युनिअरला समजावत होता, निबंधाचं प्रास्ताविक घासत होता? रिग आणि कोडवाल्यांनी एक कडू गोष्ट ध्यानात ठेवावी: आयआयटीत प्राध्यापक झाल्यावर रिग विद्यार्थी जोडतात, तुम्ही निधीचे प्रस्ताव लिहिता. हाताने काम करण्याची आवड असणाऱ्याला कंपनीची लॅब कधी कधी जास्त काळ हाताने काम करू देते.

सल्ला कोणाला विचारायचा? गाईडला विचाराच, पण गाईड ज्या बाजार-परिस्थितीत नोकरीला लागले ती आता नाही. तुमच्याच लॅबमधून तीन ते पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार जणांना फोन करा, त्यातले दोन तरी नोकरी बदललेले असावेत. पुरस्कार मिळालेल्या सीनिअरपेक्षा असे लोक जास्त खरं बोलतात.

पैशांचा हिशेब

संकोच न करता कागद घ्या. आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड १ म्हणजे लेव्हल १२, मूळ वेतन १,०१,५००. महागाई भत्ता मुळाच्या निम्मा धरला तर ५०,७५०. मुंबई-पुण्यासारख्या शहरात ३० टक्के घरभाडे भत्ता ३०,४५०. बेरीज १,८२,७००, म्हणजे वर्षाला साधारण २२ लाख. कॅम्पसवर क्वार्टर घेतलं तर घरभाडे भत्ता जातो, पण पवईत घराचं भाडं काय आहे हे माहीत असलेल्याला त्याचं दुःख होणार नाही. एनपीएस या निवृत्तिवेतन योजनेत मूळ अधिक महागाई भत्त्याच्या १४ टक्के रक्कम संस्था भरते, ती वेगळी. यात कन्सल्टन्सीचं उत्पन्न धरलेलं नाही. ते शाखेवर आणि माणसावर अवलंबून असतं, आणि पहिल्या पाच वर्षांत ते धरूही नये.

याच्यापुढे कंपनीचा सीटीसी (कंपनी सांगते ते वर्षाचं एकूण पॅकेज) ठेवताना त्यातला व्हेरिएबल, ग्रॅच्युइटीची तरतूद, कंपनीचा पीएफ, विम्याचा हप्ता आणि जॉइनिंग बोनस आधी बाजूला काढा. उरलेल्याला बाराने भागा, कर वजा करा. २८ लाखांचं पॅकेज आणि लेव्हल १२ यांच्यातलं अंतर मग पुष्कळ कमी दिसतं. कोअर शाखांत सुरुवातीला तरी हाच अनुभव येतो. खरा फरक दहाव्या वर्षी पडतो: कंपनीत वर गेलेल्याचा पगार बराच पुढे जातो, आणि न गेलेल्याची नोकरी मंदीत धोक्यात येते. केंद्रीय संस्थांतला प्राध्यापक ६५ व्या वर्षापर्यंत असतो.

पोस्टडॉकचा हिशेबही याच पानावर मांडा. प्रकल्पांवरच्या रिसर्च असोसिएटला २०२३ च्या सुधारणेनंतर ५८,००० ते ६७,००० आणि घरभाडे मिळतं. संशोधनाधारित प्राध्यापकीच करायची असेल तर हे दोन-तीन वर्षांचं गुंतवणुकीसारखं पाऊल समजून घ्यावं, शक्यतो वेगळ्या संस्थेत, वेगळ्या गाईडकडे. 'अजून ठरलं नाही म्हणून पोस्टडॉक' हे मात्र टाळा. कंपनीला तुमच्या पोस्टडॉकचं फारसं कौतुक नसतं.

परतीचा रस्ता

'एकदा कंपनीत गेलं की परत येता येत नाही' असं म्हणतात. निदान आपल्याकडच्या इंजिनीअरिंगचा इतिहास काही वेगळं सांगतो. माटुंग्याच्या यूडीसीटीत (आजची आयसीटी) प्रा. म. मो. शर्मा यांच्या पिढीने अध्यापन, मूलभूत संशोधन आणि रासायनिक उद्योगांना सल्ला ही तिन्ही कामं एकाच खुर्चीतून केली. १९९० साली ते ब्रिटनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांचेच विद्यार्थी, मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर, १९६९ मध्ये पीएचडी करून इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठात गेले आणि १९७६ मध्ये परतले ते थेट कॉलेजात किंवा कंपनीत नव्हे, तर एनसीएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेत. जर्मनीत तर उपयोजित विज्ञानाच्या विद्यापीठांत प्राध्यापक व्हायला पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव, त्यातला तीन वर्षांचा विद्यापीठाबाहेरचा, ही अटच आहे.

तरी रस्ता आपोआप उघडा राहत नाही. कंपनीतून परत यायचं असेल तर वर्षाला किमान एक निबंध किंवा पेटंट नावावर हवं, आणि एखाद्या एम.टेक. विद्यार्थ्याचं सहमार्गदर्शन जुन्या विभागाशी नातं टिकवतं. पाच वर्षं एकही प्रकाशन नसेल तर आयआयटीची छाननी समिती तुमचं नाव पुढे नेत नाही, तुमचं काम कितीही भारी असो. कंपनीतलं काम गोपनीय असल्यामुळे हे होतं. तेव्हा प्रकाशनाची परवानगी मिळते का, कोण देतं, किती दिवसांत देतं, हे रुजू होण्याआधीच विचारून घ्या.

उलट दिशा जास्त अरुंद आहे. सहा वर्षं फक्त शिकवलेल्या माणसाला कंपनी नव्या पदवीधराच्या पातळीवर बसवते, तेही फार तर. अपवाद कन्सल्टन्सी केलेल्यांचा. म्हणून दोन्ही पारडी अगदीच समान वाटत असतील तर माझा कौल चांगल्या संशोधन केंद्रातल्या नोकरीकडे. तीन वर्षांनी तिथून आयआयटी, प्रयोगशाळा आणि दुसरी कंपनी अशा तिन्ही वाटा उरतात, आणि ग्रेड १ ची अनुभवाची अटही पुरी झालेली असते.

एकच प्रबंध, दोन भाषांत

समजा तुमचा प्रबंध लिथियम-आयन बॅटरी पॅकच्या थंडाव्यावर आहे. विभागाच्या सेमिनारमध्ये तुम्ही सांगाल की सेलमधल्या उष्णतेच्या प्रवाहाचं गणिती प्रारूप कुठे तोकडं पडत होतं, तुम्ही ते कसं सुधारलं, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यातून कोणते तीन प्रश्न निघतात. या तीन प्रश्नांवरच निवड होते. झालेलं काम सगळ्यांचंच चांगलं असतं.

कंपनीत हाच प्रबंध वेगळा सांगायचा. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकी पेटल्याच्या घटना झाल्या, त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात दुरुस्त्या आल्या आणि उत्पादकांसाठी पॅकच्या सुरक्षेच्या चाचण्या कडक झाल्या. तुमचं प्रारूप वापरून एक सेल पेटल्यावर शेजारचा पेटायला किती वेळ मिळतो हे आधी सांगता येतं का? चाचणीसाठी पॅक जाळण्याची संख्या कमी होते का? दोन मिनिटांत एवढं बोललात की समोरचा व्यवस्थापक खुर्चीत पुढे सरकतो. समीकरण त्याने विचारलं तरच काढा.

कागदही दोन वेगळे करा. शैक्षणिक अर्जाला पूर्ण सीव्ही, संशोधन आराखडा, अध्यापनाबद्दलचं टिपण आणि तीन ते पाच जणांची शिफारसपत्रं लागतात. शिफारस देणाऱ्यांत गाईडशिवाय बाहेरच्या संस्थेतला एक जण हवा, त्यासाठी परिषदांत ओळखी आधीच झालेल्या असाव्यात. कंपनीसाठी दोन पानांचा रेझ्युमे पुरे. त्यात चौदा निबंधांची यादी नको, दोन निबंध आणि हातात असलेली सॉफ्टवेअर्स, उपकरणं, चाचण्या.

ऑफर हातात आल्यावर

संस्थेकडून लेखी मागायच्या गोष्टी: लॅबसाठी जागा नेमकी किती आणि कधीपासून, सुरुवातीचा निधी, पहिल्या वर्षी किती विषय शिकवायचे, पहिला पीएचडी विद्यार्थी कधी घेता येईल, क्वार्टरची प्रतीक्षायादी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात, पण त्यासाठी कॉलेज मान्यताप्राप्त संशोधन केंद्र असावं लागतं. विनाअनुदानित कॉलेजात हे केंद्र आहे की 'प्रस्तावित' आहे ते तपासा. प्रस्तावित म्हणजे नाही असंच धरा.

कंपनीच्या करारात नोटिस पीरियड, बाँड, बौद्धिक संपदेचं कलम आणि बाहेर व्याख्यान देण्याची परवानगी ही चार कलमं सावकाश वाचा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचं नाही अशी अट अनेकदा असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरीनंतरच्या काळासाठी ती सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं कलम मात्र टिकतं. बाँडही रक्कम वाजवी असेल तर वसूल होऊ शकतो. प्रबंधातलं काम तुमच्या आधीच्या संस्थेच्या मालकीचं असू शकतं, तेव्हा कोणतं काम आधीचं आहे याची यादी करून ती करारासोबत जोडून घ्या. एचआर कुरकुर करेल, पण जोडेल.

जोडीदाराची नोकरी हा या सगळ्याच्या आधीचा मुद्दा आहे, तो शेवटी येतो कारण आपण तो शेवटी काढतो. मंडी किंवा सिलचरला एकाची उत्तम सोय होते आणि दुसऱ्याला कामच मिळत नाही. पुणे, बंगळुरू, हैदराबाद इथे दोघांनाही काही ना काही मिळतं. काही संस्था पती-पत्नी दोघांच्या अर्जांचा विचार करतात. तसं असेल तर सेमिनारच्या दिवशीच विभागप्रमुखांना सांगा, ऑफर आल्यावर नव्हे.

रुजू व्हायची तारीख ठरवताना प्रबंध जमा करण्याची तारीख आधी ठेवा. 'तीन प्रकरणं झालीत, उरलेलं नोकरी सांभाळून लिहीन' म्हणून गेलेल्यांची प्रकरणं कंपनीच्या पहिल्या रिलीजमध्ये किंवा कॉलेजच्या पहिल्या नॅक भेटीत अडकतात, आणि संस्थेची कमाल मुदत जवळ आली की मुदतवाढीचे अर्ज सुरू होतात. कंपन्या चांगल्या उमेदवारासाठी दोन-तीन महिने थांबतात. मागून पाहा. निघण्यापूर्वी लॅबच्या वह्या, डेटा आणि कोड कुठे ठेवलाय याची एक प्रत गाईडकडे द्या, व्हायवाच्या वेळी परीक्षक आलेख पुन्हा मागतील तेव्हा तुम्ही दुसऱ्या शहरात असाल.